टेलचा एक फूट

३ मार्च २००५

कालवाबंदीची नोटीस आली. तीन ओळी, पाच चुका! पाचही लाल शाईने दुरुस्त केल्यावर जो अर्थ उरला तो असा — अठ्ठावीस मार्चपासून पस्तीस दिवस पाणी बंद.

म्हणजे बीठणसरच्या हातात पंचवीस दिवस आहेत. गावच्या डिग्गीचा — पिण्याच्या पाण्याच्या तळ्याचा — तळ उघडा पडला आहे. काल तिच्या पायऱ्या उतरून अगदी शेवटच्या पायरीवर उभा राहिलो. चपला ओल्या झाल्या नाहीत. डिग्गीचे तोंड उंचावर आहे. वितरिकेच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, असलेल्या मोजपाटीवर — गेजवर — पुरे एक फूट पाणी उभे राहिले, तरच ते आत शिरते. गेली तीन वर्षे तो गेज आठ इंचांच्या वर गेलेला नाही. आठ इंचांत शेते कशीबशी भिजतात. डिग्गी भरत नाही, आणि सगळा उन्हाळा गाव टँकरच्या मागे धावते. गेल्या जेठात सतरा घरांना कुलपे लागली. यंदा डिग्गी कोरडी राहिली तर उरलेलेही जातील — हे त्यांनी मला माझ्याच ओसरीवर बसून, माझाच चहा पिऊन सांगितले. वितरिकेच्या पाणी-संस्थेचा अध्यक्ष मी आहे. दुसऱ्या कुणाला सांगणार?

चौतीस वर्षे या कालव्यावर नोकरी केली. गेज वाचण्यापासून सुरुवात, आणि बाऱ्या ठरवणारा जिलेदार म्हणून शेवट. नदीपासून निघालेले पाणी आमच्या शाखेपर्यंत नऊ दिवसांत येते, हे मला कुणी शिकवलेले नाही. मी ते मोजलेले आहे. सहाशे किलोमीटर नीट आलेले पाणी शेवटच्या एक्केचाळीस किलोमीटरांत हरवावे! लांबलचक, निर्दोष वाक्य लिहावे आणि क्रियापदच विसरावे, तसे हे झाले.

जतनकंवरला हे वाचून दाखवले. भाकरी थापता थापता म्हणाली, “अहो, पाण्याला तरी लाल शाई लावू नका. ते बिचारं वाचता येत नाही म्हणून घाबरायचं नि येणारच नाही.”

४ मार्च

हुरमतचा अर्ज. अकरावा. वहीच्या फाडलेल्या पानावर, पेन्सिलीने. प्रौढशाळेत चाळिसाव्या वर्षी अक्षरे गिरवलेली ही विधवा बाई. तिचे एक वाक्य दुसऱ्यात शिरते आणि तिसरे वाटेतच बसून राहते. मजकूर नेहमीचा — ‘माझ्या बारीतली वीस मिनिटं कापली ती कापली वर पाणी बी येत नाही पाणी उलटं जातं बघायला या’.

पाणी उलटे जात नाही. पाणी उताराने जाते. रेघ मारली, मात्रा-वेलांट्या दुरुस्त केल्या आणि अर्ज परत पाठवला.

रागाच्या भरात माझ्याकडून कधी चुकीचे बोलले जाऊ नये, म्हणून नियम पुन्हा एकदा लिहून ठेवतो. चारीवरच्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा ठरलेली मिनिटे सगळे पाणी मिळते — ती त्याची बारी. शेवटच्या शेताची बारी संपली की पाणी वरच्या पहिल्या शेताकडे वळवतात. पण चारीच्या लांबीत भरून राहिलेले पाणी खाली वाहत जाते ते शेवटच्या शेतकऱ्यालाच मिळते. ते त्याला फुकट जाऊ नये, म्हणून त्याच्या बारीतून तेवढी मिनिटे आधीच वजा करायची. हिला झराई म्हणतात. आमच्या चारीवर शेवटचे शेत हुरमतचे, आणि झराई वीस मिनिटे. १९८३ सालचा हा तक्ता माझ्या हातचा आहे. तेव्हा माझी या गावात वावभर जमीन नव्हती. कुणाचे तोंड पाहून मी आकडा लिहिलेला नाही. बावीस वर्षांत त्यावर एकही खाडाखोड नाही.

निवृत्तीनंतर घेतलेले माझे शेत तिच्या लगेच वर आहे. मला ती मिनिटे पुरतात, तर हिला का पुरू नयेत? माझ्या खालच्या कोपऱ्यातली मोहरी यंदाही छातीपर्यंत आली. तिथली ओल आठ-आठ दिवस हटत नाही. शेणखत वेळेवर आणि नांगरट खोल — दुसरे काही रहस्य नाही.

६ मार्च

हेडला, वितरिकेच्या वरच्या तोंडाशी, जाऊन आलो. पहिल्या बारा किलोमीटरांत बांधावरून पाण्यात सोडलेले अकरा पाइप मोजले. त्यांतले सात हेडचा पुढारी सहीराम गोदारा याच्या भाऊबंदांचे. उघड्यावर! जणू दारातले वेल.

सहीराम बाजेवर बसला होता. बिश्नोयांचे पांढरे स्वच्छ कपडे, आणि बोलणे तितकेच निर्लज्ज.

“नवण प्रणाम, जिलेदारसा! आज कुणाचा कागद नापास करायला निघालात?”

“जय माताजी. कागद नाही, पाइप नापास करायला आलो आहे. अकरा आहेत.”

“अकराच? डोळे गेले तुमचे. तेरा आहेत.”

भोवतालचे सगळे हसले. मी हसलो नाही. म्हणालो, “टेलला लोक तहानेने गाव सोडताहेत.”

“मग इकडे या म्हणावं. जागा आहे. पाणी माणसाकडे जावं की माणसानं पाण्याकडे? तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा.” मग चहा मागवला, आणि तो चांगला होता याचा मला जास्त राग आला.

७ मार्च

गुडघा सुजला. चिडचिड. दिवस वाया.

८ मार्च

तरुण अभियंता दिलीप बेनीवाल घरी आला. नम्र मुलगा, ‘कृपया’ कुठे वापरावे ते कळते. हेडला पूर्ण गेज द्यायला तयार आहे, मात्र मागणी नऊ दिवस आधी हवी. टेलला एक फूट मिळेल का, याबद्दल त्याची मान हलेना.

“सर, वाळवंटात कागदावरचा उतार वेगळा नि जमिनीवरचा वेगळा. वारा एका हंगामात वाळू उचलतो नि उतार बदलून टाकतो. मी तर आता चालून पाहिल्याशिवाय काही लिहीतच नाही.”

मी म्हणालो, “माझ्या कागदावर असतो तोच जमिनीवर असतो.”

तो हसला. ही पिढी कागदावर विश्वास ठेवत नाही, म्हणून तिचा कागद विश्वास ठेवण्याजोगा होत नाही.

९ मार्च

हरलो असतो. जतनकंवरने वाचवले!

सकाळी मी पुन्हा हेडला निघालो, तशी ती म्हणाली, “माणसांचं रडगाणं गाऊ नका त्याच्यापुढे. माणसांची तहान ऐकून ऐकून कान किटलेत त्याचे. हरणांचं सांगा. बिश्नोई हरणाला पोटच्या पोरासारखं जपतो.”

“हरणांचे काय?”

“डिग्गीच्या खेळीवर रोज येतात नि कोरडी खेळी चाटून जातात. चार दिवसांपूर्वी एक पाडस तिथेच पडलं. तुम्ही गेजच बघत असता, तुम्हांला कुठे दिसणार?”

गुरांना पाणी पाजण्याची ती दगडी खेळी माझ्या रोजच्या वाटेवर आहे. मला खरोखरच दिसले नव्हते.

सहीरामला सांगितले. तेवढेच. खेळी, आणि पाडस. पाइपांच्या गोष्टीवर हसणारा तो माणूस उठला, आत गेला, टोपी घालून बाहेर आला आणि म्हणाला, “चला. दाखवा.”

चाळीस किलोमीटर जीपने आलो. खेळीपाशी तो उकिडवा बसला. तळाच्या धुळीत जिभांचे ओरखडे होते. त्यांवर त्याने हात ठेवला. मग बोलला, तो माझ्याकडे न बघता.

“हे आधी का नाही सांगितलंत, जिलेदारसा? माणसं माणसं काय लावलं होतंत!”

१२ मार्च

आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

वितरिकेवरच्या चौदाही गावांची सभा, देवीच्या ओट्यापुढे. हेडपासून टेलपर्यंत — शेवटचे असे कधी झाले होते, मला आठवत नाही. ठरले असे, की एकवीस तारखेच्या दुपारपासून तीन दिवस पहिल्या नऊ गावांनी आपले मोघे — वितरिकेतून चारीत पाणी सोडणारी तोंडे — बंद ठेवायचे, पाइप तर कायमचेच काढायचे, आणि सगळे पाणी खाली जाऊ द्यायचे.

पण शब्दांवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून लोटा. कालव्याच्या पाण्याने भरलेला लोटा मध्ये ठेवायचा, प्रत्येकाने चिमूटभर मीठ त्यात सोडायचे आणि शपथ म्हणायची. लोट्यात मीठ टाकून शब्द मोडणारा माणूस आमच्याकडे अजून कुणी पाहिलेला नाही.

शपथेचे वाक्य मी रचले. तीन दिवस घालवले त्यावर. पूर्वी लोक नुसते ‘मी चोरी करणार नाही’ म्हणत. असले वाक्य काय कामाचे? चोरी कशाला म्हणायचे, यावरच भांडणे! मी लिहिले —

‘माझ्या हक्कापलीकडचे एक मिनिटही पाणी मी घेणार नाही. जाणूनबुजून किंवा नकळत, आज किंवा मागे घेतले असल्याचे मला कळले, तर सभेत उभा राहून सांगेन आणि मिनिटास मिनिट परत करीन. न केल्यास या मिठासारखा विरघळून जाईन.’

सहीरामने दोनदा वाचायला लावले. मग डोके खाजवले. “जिलेदारसा, यातून निसटायला उंदराएवढंही भोक ठेवलं नाहीत की हो!”

“ठेवायचेच नव्हते.”

“आणि हे ‘नकळत’ कशाला? नकळत झालं त्याला माणूस काय करणार?”

“पाण्याला कळत-नकळत नसते. ते ज्याच्या शेतातून गेले त्याच्या शेतातून गेले.”

सगळे हसले, पण मान्य झाले. पहिली चिमूट मी सोडली. अध्यक्ष म्हणून तो मान माझा. मग सहीराम. मग एकेक. शेवटी हुरमत पुढे आली. मी म्हणालो, “तुझा मोघा बंद ठेवायचा नाही, तुला कशाला शपथ?” म्हणाली, “मी पण पाणी पिते ना, जिलेदारसा!” आणि टाकले मीठ. शपथ मात्र अडखळत म्हणाली. ‘जाणूनबुजून’ तिला दोनदा म्हणावे लागले.

लोट्यावर झाकण ठेवून तो देवीच्या ओट्यावर ठेवला आहे.

आजच बेनीवालने मागणी पाठवली. आज नदीवर सोडलेले पाणी एकवीसला आमच्या दाराशी येईल. येईलच!

१४ मार्च

तेराही पाइप निघाले. सहीरामने आपले सात स्वतः उपसले आणि पुरखारामला — हेडच्या दारावरच्या बेलदाराला — फोनवरून मला मोजून सांगायला लावले. पुरखाराम प्रत्येक आकड्यानंतर “हुकम!” म्हणत होता. तेरा वेळा हुकम. जतनकंवर म्हणाली, आज तुम्ही जेवला नाहीत तरी चालेल, पोट भरलंय.

१८ मार्च

आंधी. दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागला. दारे, खिडक्या, दात — सगळीकडे वाळू. या वहीच्या पानांतही शिरली आहे. लिहिताना निब खरखरते.

संध्याकाळी निरोप आला. तेहेतिसाव्या किलोमीटरला टेकाड घसरून वितरिकेत पडले आहे. सहाशे फूट लांबीत वितरिका काठोकाठ वाळूने भरली. पाणी सहा दिवसांपूर्वीच नदीवरून निघाले आहे. ते थांबणार नाही!

१९ मार्च

पहाटे पोहोचलो तेव्हा बीठणसरचे एकतीस जण होते आणि एक ट्रॅक्टर. हिशेब केला — या गतीने अकरा दिवस. दोन आहेत.

आठच्या सुमारास पश्चिमेकडे धूळ दिसली. वाटले, पुन्हा आंधी. ती आंधी नव्हती. ट्रॅक्टर होते! तेवीस! पुढे सहीराम, मागे वाळू ओढायच्या लोखंडी फळ्या बांधलेल्या, आणि ट्रॉल्यांत हेडची माणसे — ज्यांना या वाळूशी, या तेहेतिसाव्या किलोमीटरशी काही देणे-घेणे नाही ती माणसे. काहींनी टेलची बाजू आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असावी.

“बघताय काय, जिलेदारसा? आमचा शब्द वाळूखाली गाडायचा होता की काय?”

अशा वेळी शुद्ध वाक्य सुचत नाही, आणि अशुद्ध मी बोलत नाही.

दिवसभर काम चालले. फळ्या वाळू ओढून काठावर चढवत, माणसे फावड्यांनी तळ खरवडत. बायका बाजरीचे सोगरे, लसणाची चटणी आणि ताकाची मडकी घेऊन आल्या. हुरमत फावडे घेऊन सकाळपासून तळात उभी होती. तिच्या पुढ्यातला तळ सर्वांत समतल होता. हे मान्य केले पाहिजे. दुपारी पाणी पिताना ती शेजारी आली.

“जिलेदारसा, इथे तळ जरासा बसलाय. बघा, इथे पाणी थांबेल.”

“तुला कसे कळले?”

“पायाला कळतं.”

बेनीवालने दुर्बीण लावून पाहिले. तळ खरोखरच तीन इंच खाली होता! भर टाकून सारखा केला. बेनीवाल तिला म्हणाला, “माझी जागा घ्या, ताई.” ती तोंडावर पदर घेऊन हसली.

मी याला योगायोग म्हणेन.

२० मार्च

दुपारी दोन वाजता शेवटची फळी बाहेर निघाली. वितरिका मोकळी! सहीरामच्या म्हाताऱ्या चुलत्याने मोकळ्या तळातून काठी टेकत सहाशे फूट चालून दाखवले, आणि दुसऱ्या टोकाला पोहोचताच लग्नाच्या वरातीसारख्या शिट्ट्या वाजल्या.

२१ मार्च

दुपारी दोन. पुरखारामचा फोन. “हुकम! दार उचललं! हेडचा गेज पूर्ण!”

मी गणित मांडले. एक्केचाळीस किलोमीटर, कोरडा तळ, वाळूची तहान — उद्या सकाळी दहा.

२२ मार्च

दहा वाजून पंचवीस मिनिटे. पंचवीस मिनिटांची चूक माझी. सुकलेल्या तळाची तहान मी कमी धरली.

आधी आवाज नाही, पाणीही नाही — पाला येतो. काटक्या, शेंगांची टरफले, एक प्लास्टिकची चप्पल, आणि त्यांच्या मागे गढूळ जिभेसारखे पाणी, वाट चाचपत आल्यागत. मुले त्याच्यापुढे उलटी धावत होती. गेजवर तीन इंच. चार वाजता सात. सहा वाजता आठ.

आठ.

२३ मार्च

सकाळी सात — आठ. नऊ वाजता — आठ, आणि वर केसभर. गेजशेजारी सगळे गाव बसले होते. टँकरवाला मल्लूराम सायकलवरून आला, गेज पाहिला आणि “मग पुढच्या आठवड्यात किती फेऱ्या लावू?” म्हणाला. त्याला बायकांनी हाकलले.

बेनीवालने काल संध्याकाळीच वरून खालपर्यंत फोन लावले होते. दहा वाजता सहीरामचा फोन मला आला. त्याचा आवाज ओळखू आला नाही.

“जिलेदारसा, रात्री चोर सापडला. सातव्या किलोमीटरला, बाभळीखाली, पाल्यानं झाकलेला पाइप. पुतण्या आहे माझा.”

मी वहीत ‘सातवा किलोमीटर’ लिहून घेतले.

“पाइप ट्रॅक्टरमागे बांधून सगळ्या गावातून ओढत नेला. पोरगा रडतोय. मी म्हटलं, रडू नकोस, वाक्य पाठ आहे ना? सभेत उभा राहून सांगायचं, नि मिनिटास मिनिट परत. त्यानं सांगितलं. भर चौकात. माझ्या घराची मान खाली गेली, पण शब्द राहिला. तुमचं वाक्य पक्कं आहे हो!”

“त्याला सांगा,” मी म्हणालो, “उभे राहून सांगणारा माणूस लहान होत नाही.” हे वाक्य मला आवडले, म्हणून इथे उतरवून ठेवतो.

अकरा वाजता — नऊ. साडेबारा — साडेदहा. एक वाजता — अकरा. गेजच्या पाटीवरचा एक फुटाचा काळा आकडा, ज्याच्यावर तीन वर्षे फक्त पाली चढल्या, त्याच्या पायाला पाणी लागले. दोन वाजून दहा मिनिटांनी तो आकडा पाण्याखाली गेला.

एक फूट!

मग डिग्गीच्या तोंडातून पाणी आत पडले. तो आवाज! पोकळ, मोठा, रिकाम्या रांजणात ओतल्यासारखा. सगळे धावले. म्हाताऱ्यांनी पागोटी भिजवली. बायका गाऊ लागल्या. जतनकंवरने वयाचे भान सोडून माझ्या अंगावर ओंजळभर पाणी उडवले — चारचौघांत! चष्मा भिजला; पुसावासा वाटला नाही.

संध्याकाळी एक फूट दोन इंच. खेळीवर पाच हरणे आली. माणसे एवढी असूनही पळाली नाहीत. सहीराम लांब उभा राहून बघत होता. जवळ गेलो तर म्हणाला, “बोलू नका. पीत आहेत.”

२४ मार्च

डिग्गी भरली. काठोकाठ. कालवा उद्या बंद झाला तरी हे गाव जुलैपर्यंत प्यायला मोकळे! कुलपे लावून गेलेल्यांपैकी चार घरांना निरोप गेले. एक तर आजच परत आले, म्हैस पुढे घालून.

बेनीवालने वहीत नोंद करायला माझी सही मागितली. त्याच्या नोंदीत एकही चूक नव्हती. तेही सांगितले त्याला.

२५ मार्च

लापशीचे जेवण. चौदा गावांची माणसे. सहीरामने मला केशरी पागोटे बांधले आणि भाषणात माझे वर्णन करताना व्याकरणाची अशी वाट लावली, की मी डोळे मिटून बसलो. टाळ्या फार वेळ चालल्या. खोटे कशाला लिहू — बरे वाटले. चौतीस वर्षे नोकरी आणि नऊ वर्षे निवृत्ती, त्यांत एवढा पूर्ण दिवस मला आठवत नाही. सगळे वाक्य जागच्या जागी, क्रियापदही आले.

जेवण झाल्यावर हुरमत आली. अर्ज आणला नव्हता.

“जिलेदारसा, एवढं भरून पाणी पुन्हा कधी येईल कोण जाणे. उद्या सकाळी माझी बारी आहे. नऊ वाजून पाच मिनिटांनी संपते. नंतरची वीस मिनिटं माझ्या बांधावर उभे राहा. घड्याळ घेऊन या.”

“पाणी उलटे जात नाही, हुरमत.”

“मग येऊन तेच दाखवा मला. मी पुन्हा लिहिणार नाही. कागद वाचेल, तुमची शाई वाचेल.”

शेजारचे हसले. ठीक आहे. बावीस वर्षांचा हा तंटाही या शुभ आठवड्यातच मिटू दे. घड्याळ मिळवून ठेवले आहे.

२६ मार्च

नऊ वाजून पाच मिनिटांनी पाणी वर वळले. चारीत भरलेले पाणी हुरमतच्या शेतात दोन मिनिटे आले, आणि थांबले. मग पाण्यावरची गवताची एक काडी माझ्या पायांसमोरून हळूहळू मागे गेली. वरच्या बाजूला. चारीचा तळ तिथे बसलेला आहे. ते मी कधी चालून पाहिले नव्हते. सगळे पाणी त्या खळग्यात जमले, आणि बांधाच्या एका उंदराच्या बिळातून, वीस मिनिटे, माझ्या खालच्या कोपऱ्यातल्या मोहरीत शिरत राहिले.

बावीस वर्षे. त्यांतली शेवटची आठ, माझ्या शेतात.

हुरमतने एवढेच विचारले, “अर्जात चूक होती का, जिलेदारसा?”

नव्हती.

उद्या सकाळी देवीच्या ओट्यावर सभा बोलावली आहे. लोट्यात पहिले मीठ मीच टाकले होते.